भाऊजींची बाही

१४ ऑक्टोबर, तुझ्या घरून

ती. ताई,

तुमच्या तळ्याकाठी फोन लागत नाही, म्हणून पत्र. परत आल्यावर चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलीस असं वाटू नये, यासाठी गेल्या दोन आठवड्यांत मी तुझ्याकडे स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधीच कळवतो. मागच्या दाराला नवी कडी. पाचोळा कुजवायला फळ्यांची पेटी; एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचांचे. गुलाबाच्या वेलीला बांबूची ताटी. अंगणात दोघांना बसायला बाक, आणि तो डगमगत नाही, काठोकाठ भरलेला पेला ठेवून पाहिला. आणि एक स्वेटर. स्वेटरचं शेवटी सांगतो, त्यात मजा आहे.

आधी बाग. पानगळ जोरात आहे. सकाळी झाडून घ्यावं तर दुपारी पुन्हा अंगण तांबडं. भाऊजींनी वाफ्यात कंद कसेही खुपसले होते, जणू चालता चालता खिशातून सांडले. सगळे काढले, दोरी ताणली आणि एका रांगेत वीतभर अंतरावर लावले. आता वाफा वाफ्यासारखा दिसतो.

तर स्वेटर. पलंगाखाली झाडताना वेताची टोपली मिळाली. तू कधीपासून विणायला लागलीस गं? आणि लागलीस तर विचारायचंस तरी! मीही पुस्तकातूनच शिकलो, कुणी गुरू नव्हता, पण इतकं भयंकर काम मी पहिल्या दिवशीही केलं नव्हतं. पाठीच्या मध्यावर टाका सुटून बोट जाईल एवढं भोक. पुढच्या भागाला एकाच बाजूने पोट आलेलं. कडेची पट्टी इकडे आवळलेली, तिकडे लोंबणारी. आणि माप? तुझ्यासारख्या दोन बायका आत मावतील! भाऊजी गेल्यावर मन रमवायला काहीतरी हातात घेतलं असशील हे समजतं मला, म्हणून ठरवलं की तुला खूश करायचं.

पाठ आणि पुढचा भाग पूर्ण उसवले. उसवलेली लोकर कुरळी राहते, तशीच विणली तर टाके वाकडे येतात. म्हणून तिच्या लडी केल्या, कोमट पाण्यातून काढल्या आणि खाली वजन टांगून वाळवल्या. अगदी नव्यासारखी सरळ झाली. मग तुझ्या मापाने, पुढे दोन वेण्या घालून, पुन्हा विणला. कालच पुरा झाला. आमच्या लोकरवाल्या बाईंनी हा पाहिला तर त्यांना तो शो-केसमध्ये लावावाच लागेल. अकरा वर्षं त्या काचेत बाहेरून मागवलेलाच माल बघतोय मी.

लोकर पुरली, त्यामुळे तू विणलेली अर्धी बाही उसवायची गरज पडली नाही. ती तशीच ठेवलीय. आलीस की दोन्ही शेजारी ठेवून बघू आणि पोट धरून हसू.

तुझा,
मिस्त्री

*

१५ ऑक्टोबर, तळ्याकाठून

चि. मिस्त्री,

तुझं पत्र अजून नाही. कुठलातरी स्क्रू पिळत बसला असशील.

आमची मजा चालली आहे. काल आम्ही तिघी मैत्रिणी होडीत बसलो. बँकवाली एका बाजूला वल्हवत होती, मास्तरीणबाई दुसऱ्या बाजूला, पण मास्तरीणबाई बोलायला लागल्या की हात थांबतो. त्यामुळे होडी अर्धा तास एकाच जागी गोल फिरली. शेवटी काठावरचा माणूस ओरडला, "अहो मावशी, उतरायचंय का घसा कोरडा करायचाय?" मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा. मग लगेच वाईट वाटलं. चालायचंच.

आता एक काम. निघताना सांगणार होते, पण टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि तू त्याला डिकी कशी लावायची ते शिकवत होतास.

माझ्या पलंगाखाली वेताची टोपली आहे. तिच्यातलं विणकाम उन्हात घालून ठेव, कसर लागेल. घडी मोडलीस तर पुन्हा तशीच घाल, बाकी काही करू नकोस. तो स्वेटर यांनी विणलाय.

हो, यांनी. झटक्याने उजवी बाजू गेल्यावर व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी, तिने जाड सुया दिल्या. एक सुई उजव्या काखेत धरायची आणि डाव्या हाताने सगळं करायचं. पहिल्या आठवड्यात एक ओळ झाली. सुई भिंतीवर फेकायचे. मग मीच उचलून द्यायचे. वर्षभर विणत होते. तू भेटायला आलास की टोपली पलंगाखाली ढकलायला लावायचे. "मिस्त्री आला, लपव, तो टाके मोजेल," असं म्हणायचे, जेवढं बोलता येत होतं तेवढं.

तो तुझ्यासाठी आहे, मिस्त्री. माप तुझंच आहे, तुझा जुना शर्ट मी चोरून आणला होता. "त्याने आपल्याला टेबल दिलं, कपाट दिलं, दर वेळी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. एकदा मीही त्याला हाताने केलेलं काहीतरी देतो," असं त्यांचं चाललं होतं. एक बाही अर्धी झाली आणि दुसरीला सुरुवातच करता आली नाही.

मला विणता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आल्यावर तुझ्या हातात देईन, बाह्या आणि गळा तूच पुरा कर. फक्त त्यांचा एक टाकाही सुधारू नकोस. वचन दे.

अनेक आशीर्वाद,
ताई

*

१९ ऑक्टोबर

ती. ताई,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. हवा कोरडी, बाग स्वच्छ. टोपली जागेवर आहे, काळजी नसावी.

माझं चौदा तारखेचं पत्र तुला मिळालं का? मिळालं नसेल तर हरकत नाही. त्यात विशेष काही नव्हतं. बाक केला, कडी बसवली, असंच.

परत कधी येणार ते नक्की कळव.

मिस्त्री

*

२२ ऑक्टोबर, डोंगरातल्या बंगलीतून

चि. मिस्त्री,

तब्येत बरी आहे ना? तुझं पत्र म्हणजे टपालखात्याची पोचपावती वाटली. बाक केलास आणि त्याची उंची-रुंदी लिहिली नाहीस? ताप आहे का?

आम्ही तळ्याकाठून आधीच निघालो, तिथलं छत गळायला लागलं. चौदाचं पत्र तिकडे गेलं असणार. मालक म्हणाला, पुढे पाठवतो. इथे वर थंडी आहे. मास्तरीणबाई दोन शाली घेऊन बसतात आणि आम्हाला तिसरी आणायला पाठवतात.

तू स्वेटर पाहिलास का? पाहिला असशीलच, तुझ्याच्याने राहवलं नसेल. पाठीवर ते भोक आहे ना, ते पडलं त्या दिवशी त्यांनी आजारपणानंतर पहिल्यांदा मला नावाने हाक मारली. मी धावत गेले, त्यांच्या हातून सुई सुटली, टाका सुटला. मी म्हटलं, तुमच्या त्या मुलीला विचारून बुजवून घेऊ. नको म्हणाले. पुढच्या भागाला पोट आहे, तो आमचा लेक रजेवर आला होता तो आठवडा. बापलेक गप्पा मारत होते आणि टाके वाढत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. मी ते पोट हाताने चाचपते कधी कधी. आता तुला सांगायला लाज कसली?

आम्ही तीस तारखेला येतो. घरी गेल्या गेल्या मला तो मांडीवर घेऊन बसायचंय थोडा वेळ. मग तुझा.

ताई

*

२५ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन नीट होती, म्हणून फाडली.

तो स्वेटर आता नाही. मी उसवला. पाठ आणि पुढचा भाग, दोन्ही. मला वाटलं तू विणलास, आणि वाईट विणलास. मी सुधारला. तुझ्या मापाचा नवा केला, वेण्या घालून. तुझं पंधराचं पत्र आलं तेव्हा तो तुझ्या पलंगावर पसरून ठेवला होता आणि मी त्याच्याकडे बघत चहा पीत होतो.

चौदाच्या पत्रात हे सगळं लिहिलंय, मोठ्या ऐटीत. ते तुला मिळेल तेव्हा वाच किंवा वाचू नकोस. एकोणीसला मी लिहिलं की टोपली जागेवर आहे. टोपली जागेवर होती. असं लिहायची अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे.

आणखी एक केलं, तेही सांगून टाकतो. त्याच दिवशी मी नव्याची पाठ उसवायला घेतली. विचार होता, जसा होता तसा परत विणून टोपलीत ठेवावा, ताईला कळणार नाही. भोक कुठे होतं ते आठवत होतं, पोट कुठल्या बाजूला होतं तेही. बसलो. टाका मुद्दाम सोडला. भोक पडलं, पण ते पुस्तकातल्या नक्षीच्या भोकासारखं गोल दिसायला लागलं. पोट काढायला टाके वाढवले, तर तेही बेताचे, हिशेबाने वाढलेले. सैल टाका घालायचा म्हटलं की पुढच्या टाक्याला हात आपोआप आवळून घेतो. सुई काखेत धरून, नुसत्या डाव्या हाताने करून पाहिलं. दोन तासांत अर्धी ओळ झाली आणि खांदा भरून आला. ते वर्षभर हे करत होते आणि मी त्याला भयंकर काम म्हटलं. शेवटी नव्याची पाठ पुन्हा माझ्या नेहमीच्या टाक्यांनी पुरी केली.

लोकरीत आधीच्या टाक्यांचे वळसे राहतात. नुसतं उसवलं असतं तर निदान ते वळसे धरून काही करता आलं असतं. पण मी ती भिजवली, वजन टांगलं, सरळ केली. काही म्हणता काही ठेवलं नाही.

रविवारी ही आणि धाकटी आल्या होत्या. हिने टोपली पाहिली, तुझं पत्र वाचलं. मी म्हटलं, मला त्यांच्यासारखं जमत नाहीये. ही म्हणाली, "मग शिका आता वाकडं विणायला. पुस्तक आणून देऊ का?" धाकटी हसली नाही. तिने विचारलं, "बाबा, काकांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते?" मला माहीत आहे ते काय म्हणाले असते. हसून म्हणाले असते, राहू दे, छान झालाय. दर वेळी तेच म्हणायचे. मी हातोडा काढून घ्यायचो तेव्हाही.

अर्धी बाही शाबूत आहे. हसण्यासाठी ठेवली होती.

कंदही मीच हलवले.

मिस्त्री

*

२८ ऑक्टोबर

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आधी चौदाचं वाचलं.

मी ओरडणार नाही. मला बोलायचंच नाही. बँकवाली विचारतेय काय झालं, तिलाही सांगितलं नाही. भावाची लाज मलाच वाटते.

बाही टोपलीत ठेव. वर रुमाल टाक. आम्ही तीसला संध्याकाळी पोचू, त्याआधी तू घरी जा. किल्ली शेजारी दे. जाताना काहीही दुरुस्त करू नकोस.

ताई

*

६ नोव्हेंबर, आमच्या घरून

ती. ताई,

फोन केला होता, तू उचलला नाहीस. उचलू नकोस. एवढंच कळवायचं होतं की स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतो, तो मी तसाच ठेवलाय.

ही म्हणते की मी घरात पाहुण्यासारखा वागतोय. काल हिने स्टूल पुढे केलं आणि म्हणाली, "पाय हलतोय, बघा ना." मी बघितलं आणि बसलो. धाकटीने आईकडे पाहिलं.

कामावरही लक्ष नाही. इतकी वर्षं लोक माझ्याकडे वस्तू घेऊन आले की मी आधी त्यांच्या चुका दाखवायचो. परवा एकजण खुर्ची घेऊन आला. मी विचारलं, "ही कुणी केली?" म्हणाला, "वडिलांनी." मी म्हटलं, "काय करायचंय तेवढंच सांगा." तो म्हणाला, "नुसता पाय बसवा." तेवढंच केलं. बाकीचे सांधे बघितलेही नाहीत. म्हणजे बघितले. पण हात लावला नाही.

तुझा,
मिस्त्री

*

१५ नोव्हेंबर

चि. मिस्त्री,

आशीर्वाद लिहिणार नव्हते, पण हात सवयीने लिहितो.

घरी आल्यावर दोन दिवस मी तो वेण्यांचा स्वेटर खुर्चीवर ठेवून नुसती बघत होते. चांगला आहे रे. त्याचाच राग येतो. मास्तरीणबाईंनी घालून पाहिला आणि म्हणाल्या, अगदी दुकानातला वाटतो. मी म्हटलं, हो, दुकानातलाच आहे.

मग बागेत गेले. कंद तुझ्या रांगेतून काढले, पदरात घेतले आणि वाफ्यात फिरत सोडत गेले. जिथे पडले तिथे मातीत दाबले. हे असेच लावायचे, वाकता येत नव्हतं म्हणून. माझे गुडघे दुखत होते, पण त्या दिवसापासून जरा शांत झोप लागते. बाकावर बसते. तो खरंच हलत नाही.

नळ अजून गळतोय. तू तसाच सोडलास हे वाचून मला हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला.

पार्सल पाठवते आहे. त्यात तुझा स्वेटर आहे, त्यांची अर्धी बाही आहे, उरलेले लोकरीचे गुंडे आहेत आणि तुझा तो चोरलेला शर्ट. तुझा स्वेटर उसव. त्याच लोकरीचा तुझ्या मापाचा कर, त्यांनी धरलं होतं त्या मापाचा. जसा तुला येतो तसा कर, त्यांची नक्कल करू नकोस, मला कळेल. बाही मात्र त्यांची. तिथून पुढे तू विण.

मी अजून रागावलेलीच आहे.

ताई

*

७ डिसेंबर

ती. ताई,

झाला.

वेण्या उसवल्या. इतकं चांगलं काम स्वतःच्या हाताने उसवताना कसं वाटतं ते आता मला कळलं, पण तुझ्या वाटणीचं त्यातलं काहीच कळलं नसणार. शर्टावर माप घेतलं. पाठ आणि पुढचा भाग साधा विणला, सुलट-उलट, सगळे टाके सारखे. मला तेवढंच येतं.

बाहीपाशी दोन दिवस थांबलो. भाऊजींनी मनगटापासून वर विणत कोपरापर्यंत आणली होती. मनगटाची पट्टी सैल आहे, पुढे एक जागा एकदम आवळलेली, मग पुन्हा सैल. त्यांच्या शेवटच्या ओळीत एक टाका अर्धाच होता. सुईवर घेतला नसता तर सुटला असता, घेतला तर ओढला गेला असता. धाकटीला जवळ बसवलं. म्हटलं, तू टाका धर, माझा हात तो सुधारून टाकेल. तिने धरला, मी पुढची ओळ घातली. जिथे त्यांचं संपलं आणि माझं सुरू झालं ती रेघ लांबूनही दिसते. खालच्या पट्टीच्या कडेला एक धागा लोंबतो. तो मी आत ओवला नाही.

बाह्या दोन्ही सारख्याच असतात, कुठलीही कुठेही चालते. मी ती उजवीकडे लावली. ज्या हाताने उसवलं होतं, तो उजवाच.

आता रोज घालतो. चहा पिताना ती सैल पट्टी कपात बुडते. ही म्हणते, "दुमडून घ्या ना जरा." नाही दुमडत. धुतो आणि उन्हात घालतो. थंडी ओसरली की कसरीची काळजी घ्यायची म्हणून टोपली मागून घेईन, तू देशील तर. आणि तू बोलावशील तेव्हा नळाचं बघायला येईन. तोपर्यंत गळू दे.

काल लोकरवाल्या बाईंकडे मुलीच्या टोपीसाठी लोकर घ्यायला गेलो होतो. काउंटरवर हात ठेवला तर त्यांनी चष्मा चढवला, मला वळवून पाठ पाहिली, शिवण उलटून पाहिली. म्हणाल्या, "अहो, हा तुम्ही विणलात? एवढं काम आमच्याकडे बाहेरूनही येत नाही. फक्त या उजव्या बाहीचं काय झालं? पोराने विणली का?" मी म्हटलं, आमच्या भाऊजींनी. त्या म्हणाल्या, "मग तेवढी उसवा आणि डावीसारखी करून द्या. उद्याच शो-केसमध्ये मधोमध लावते. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, नऊ हजार देईल."

मी नको म्हटलं. नऊ हजार.

तुझा,
मिस्त्री